तानबाच्या बैलांना आवतन

बोरखडी
३ जुलै १९८४

...दोर तू ओढत होतीस आणि घागर मी धरली होती. पोळ्याची सकाळ. विहिरीवर सगळ्यांनाच घाई होती, पण आपल्या दोघींचा दोर एकच असायचा आणि तो कोणी मागत नसे. माझा सडा टाकून झाला होता, ओटा सारवला होता, चण्याची डाळ चुलीवर चढली होती. माझ्या गुणवंताचे बाबा बैल धुवायला नदीवर गेले होते. तू म्हणालीस, "अनुसये, माह्या पाट्याले टाकी लावाची राह्यली व. पुरण तुह्याच पाट्यावर वाटतो." मी म्हटलं, "दर सणाले तुहं हेच." मग तू आलीस, कुंपणाच्या त्या फटीतून, परात डोक्यावर घेऊन. पुरण वाटताना मी गुळाला गुंडाळून आलेला कागद वाचत बसले, तर तू हसलीस. "वाचून काय कलेक्टर होतं का व?" कोकिळेने बैलांच्या शिंगांची बेगड आपल्याच कपाळाला चिकटवली होती. आठ वर्षांची असेल ती तेव्हा.

मनकर्णा, मला त्या दिवसातलं एवढंच आठवावंसं वाटतं. सकाळ. संध्याकाळ नको.

पण हे पत्र तुला कोकिळा वाचून दाखवत असेल, आणि तिला नीट काही माहीत नसेल. तिच्यासाठी लिहिते. कोकिळे, दहा वर्षांपूर्वी त्या पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून वरच्या आणि खालच्या मोहल्ल्यात भांडण झालं. मान वरच्यांचा, म्हणजे आमच्या घरचा. खालचे म्हणाले, एक साल आम्हाला द्या, यंदा तानबाची, म्हणजे तुझ्या बाबांची, जोडी पहिली. शब्दाला शब्द लागला, मग काठ्या निघाल्या. तुझे काका, माझे मालक वासुदेवराव, त्यात गेले. तुझ्या बाबांनी त्यांना मारलं असं ठरलं. त्याच संध्याकाळी वरच्या मोहल्ल्याच्या लोकांनी खालचे सात गोठे जाळले. एका गोठ्यात धुरपता माय निजली होती. तिनेच तुला आणि गुणवंताला जन्माच्या वेळी हातात घेतलं होतं. तुझ्या बाबांना जन्मठेप झाली. तुझी आई तुला घेऊन वडनेरला मामाकडे गेली.

जायच्या आदल्या दिवशी, मनकर्णा, तू माझ्या दारात आलीस. पायावर डोकं ठेवून म्हणालीस, "माह्या माणसानं तुहं कुंकू पुसलं. मी त्याचं तोंड पाहणार नाई." मी तुला उठवलंसुद्धा नाही.

तानबा भाऊजी सुटून आले. आज आठ दिवस झाले. एकटेच राहतात. घराच्या छपराची कवेलू अर्धी फुटली आहेत, अंगणात तरोटा कंबरेपर्यंत वाढला आहे. गावात कोणी त्यांना काही म्हणत नाही, आणि कोणी बोलतही नाही.

तू ये. मी मनात काही ठेवलेलं नाही. तूही ठेवू नको.

तुझी अनुसया

बोरखडी
२४ जुलै १९८४

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण गावात असं काही झालं आहे की ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अण्णाजी आता सरपंच आहेत. परवा त्यांनी मारुतीच्या पारावर दोन्ही मोहल्ले बोलावले. दहा वर्षांत असे सगळे एका ठिकाणी बसले नव्हते. वरचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला, मधे एक बैलबंडी जाईल एवढी जागा. आम्ही बायका देवळामागे.

अण्णाजी म्हणाले, "दोन तोरणं झाले. दोन विहिरी झाल्या. दोन गणपती झाले. मढं न्याचे रस्तेबी दोन झाले. आता काय दोन कराचं राह्यलं गा? सूर्य?"

खालून कोणीतरी म्हणालं, "थो त आमच्याच बाजूनं उगवते."

"आन् बुडते आमच्या बाजूनं," वरून कोणी बोललं, "म्हणजे मुक्कामाले आमच्याचकडे रायते."

आणि मनकर्णा, लोक हसले. दोन्हीकडचे. हसले आणि एकदम गप्प झाले, चोरी केल्यासारखे.

मग अण्णाजींनी आपलं म्हणणं सांगितलं. यंदा पोळा एक भरवायचा. पण नुसतं तोरण एक बांधून माणसं एक होत नाहीत. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदे शेकायच्या वेळी, वरच्या घराने खालच्या घरच्या बैलांना आवतन द्यायचं आणि खालच्याने वरच्या. आपल्या हाताने त्यांच्या खांद्याला तूप-हळद लावायची, आणि नेहमीचं म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. "माणसाले माफ करणं जमत नसन," अण्णाजी म्हणाले, "त त्याच्या बैलाले करा. बैलानं कोणाचं काई बिघडवलं नाई. आन् ज्याच्या बैलाले जेवाले बलावलं, त्याले दारातून हाकलता येत नाई."

घरं ठरत गेली. याच्या बैलांना हा, त्याच्या बैलांना तो. शेवटी तानबाचं नाव आलं. त्यांच्याकडे यंदा चुलतभावाची जोडी आहे, वाहायला दिलेली. अण्णाजींनी विचारलं, "तानबाच्या बैलाईले कोण?"

लोक जमिनीकडे पाहू लागले. तानबा भाऊजी खालच्यांच्याही मागे बसले होते, एकटे, गुडघ्यांना हात बांधून.

तेव्हा आमचे बापूजी उभे राहिले. माझे दीर. म्हणाले, "आमची वयनी देईन."

मला विचारलं नव्हतं. शकू, त्यांची बायको, माझ्या शेजारीच बसली होती. ती मोठ्याने बोलली, "विधवेच्या हातचं आवतन बैलाले? सणाच्या तोंडावर?" अण्णाजींनी तिकडे न पाहताच सांगितलं, "खांद्याले तूप लागते, शकुबाई. कुंकू नाई लागत."

सभा उठल्यावर खालच्या लीलाबाईने सगळ्यांसमोर माझे हात धरले. तिचा गोठा जळाला होता त्या सातांत. "तुहं मन मोठं हाय माय," म्हणाली. माझ्या हातांना घाम आला होता. तिला वाटलं, मला गहिवरून आलं.

सगळं गाव म्हणतं आहे की अनुसयाबाईने माफ केलं. बैलाच्या खांद्याला तूप लागायचं आहे अजून, पण ते आधीच म्हणतात.

तू पोळ्याला आलीस तर मला बळ येईल. काय बळ, ते विचारू नको.

तुझी अनुसया

बोरखडी
८ ऑगस्ट १९८४

कोकिळेचं कार्ड मिळालं. अक्षर सुंदर आहे, सुटं आणि गोल. चारच ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता कार्ड पाहावं लागत नाही.

"आई म्हणते, तू ओट्यावरून पाहिलं म्हणून मी मानलं. हे माझ्यासमोर किती शपथा घेत होते. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता. पण अनुसया खोटं बोलायची नाही, असं मी त्यांना म्हटलं. तू माफ कर, तुझं मन तेवढं आहे. मी त्या घरात येणार नाही."

मनकर्णा, ते तुला इतकं बोलले होते हे मला माहीत नव्हतं.

मी जे पाहिलं ते लिहिते. तानबा भाऊजींनी ह्यांचे दोन्ही हात धरले होते. मनगटाला. हे मी पाहिलं. पण हात मारायला धरतात तसे सोडवायलाही धरतात. कोर्टात मला कोणी विचारलं नाही की कशाला धरले होते. त्यांनी हात धरले नसते तर ह्यांना वार चुकवता आला असता, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले आहे. रोज सांगितलं की खरं वाटू लागतं. दिवसा वाटतं.

एवढ्यावरून तू काय समजायचं ते समज. मला याहून जास्त लिहिता येत नाही आज.

दुसरं सांगते. वरचा मोहल्ला संपून खालचा सुरू होतो तिथे, आपल्या दोन घरांच्या मधे, बापूजींनी कुंपणाच्या जागी जी मातीची भिंत घातली होती, ती या पावसात अर्धी बसली. काल मी गोवऱ्या झाकत होते तर पलीकडे तानबा भाऊजी कवेलू फेरताना दिसले. केस पांढरे झाले. दात गेले पुढचे. मला पाहून ते खाली उतरले. उगीच. शिडीवर उभं राहून बाईशी बोलू नये म्हणून असेल.

मला काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "जेवणाचं कसं करता भाऊजी?"

"येते न सारं, वयनी. तिथं चारशे माणसाच्या भाकरी थापल्या. आता एकाची थापाले बसलो त पीठच जास्त होते."

मी हसले नाही. तेच थोडे हसले. मग बराच वेळ हातातलं कवेलू फिरवत राहिले.

"गाव म्हणते, तुमी तिले पत्र लिहून राह्यल्या."

"हो."

"येईन का ती?"

मी पुन्हा गोवऱ्या झाकू लागले.

"म्या कोर्टात लय म्हटलं, वयनी. तिच्यासमोरबी लय म्हटलं. आता तोंड दुखते. आता मी काई म्हणत नाई." मग ते परत शिडीकडे गेले आणि पाठमोरे म्हणाले, "तिले एवढंच लिहा, कवेलू फेरले म्हणा. सैपाकाच्या कोपऱ्यात गळत होतं न, थे गळत नाई आता."

तर लिहिते. गळत नाही आता.

तुझी अनुसया

बोरखडी
१९ ऑगस्ट १९८४

हे पत्र मी टाकणार की नाही ते माहीत नाही. पण लिहून ठेवते, म्हणजे मला माझ्याशी तरी खोटं बोलता येणार नाही.

काल दुपारी बापूजी जेवायला बसले होते. शकू शेतात गेली होती. मी वाढताना म्हटलं, "बापूजी, मी आवतन द्यायला जाणार नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "काऊन?"

"माफ कशाचं करू? त्यांनी काय केलं?"

दहा वर्षांत आम्ही यावर एक शब्द बोललो नव्हतो. एका चुलीवर, एका छपराखाली, दहा वर्षं. भात चुलीवरून उतरला की माझं ताट वाढलं की नाही हे ते शकूला विचारणार. मी तापाने पडले होते तेव्हा बंडीत घालून वर्ध्याला नेलं आणि तीन दिवस दवाखान्याच्या ओसरीवर बसून राहिले. गुणवंताला शिकवलं, पुलगावला नोकरीला लावलं, आता दिवाळीनंतर त्याचं लग्नही त्यांनीच जमवलं आहे. माणूस वाईट नाही, मनकर्णा. वाईट असता तर माझं काम सोपं होतं.

"वयनी," ते म्हणाले, "म्या थे तानबासाठी उचलली होती. भाऊ मधी आला. मले काय माहीत, भाऊ मधी येईन?"

"मला माहीत आहे."

"मंग?"

"मग मी तानबाला माफ करायला कशी जाऊ?"

ते ताटावरून उठले. हात न धुता गेले.

आता लिहिते. मी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर होते, हातात ओवाळायचं ताट होतं. काठ्या चालल्या तेव्हा तानबा भाऊजी ह्यांना मनगट धरून मागे ओढत होते. "वासुदेवराव, चला, बायकापोरं हायत इथं," असं ओरडत होते, ते मला ऐकू आलं. बापूजींनी जवळच उभ्या आमच्या बंडीची उभारी, बाजूचा जाड दांडा, उपटली आणि तानबावर घातली. तानबा खाली वाकले. हे वाकले नाहीत.

मी खाली धावले. ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. भोवती सगळी वरची माणसं. कोणीतरी विचारलं, "वयनी, कोणं मारलं?" मी मान वर केली तर समोर बापूजी उभे. हात रिकामे, तोंड उघडं, लहान पोरासारखं. मी एका दिवसात दोन माणसं घालवायची होती का? शेत कोणी वाहायचं होतं? गुणवंता बारा वर्षांचा होता. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी यातलं काही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की हे बापूजींच्या हाताने गेले असं माझ्या तोंडून निघणार नाही. आणि दुसरं एकच नाव जवळ होतं.

मी म्हटलं, "तानबा."

तो एक शब्द. तो ऐकून भोवतीची माणसं पळत खाली गेली आणि गोठे पेटले. धुरपता माय त्या शब्दाने जळाली. कोर्टात मी तोच शब्द पुन्हा सांगितला. बापूजींनी आदल्या दिवशी माझे पाय धरले होते, ते खरं आहे. पण त्यांनी पाय धरले नसते तरी मी तेच सांगितलं असतं. एकदा त्या शब्दाने माणूस जळाल्यावर तो परत कसा घ्यायचा, हे मला कुठल्याच कागदात वाचायला मिळालं नाही.

आणि तू माझ्या पायावर डोकं ठेवलंस.

अ.

बोरखडी
२८ ऑगस्ट १९८४

कोकिळे, या पाकिटात दोन पत्रं आहेत. १९ तारखेचं आधी वाच. अडखळलीस तरी थांबू नको. आईला सगळं वाचून दाखव, एक ओळही गाळू नको. मग हे वाच.

मनकर्णा, शनिवारी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी आवतन द्यायला गेले. जाणार नाही म्हटलं होतं, पण गेले. दिवस कलला होता. लोक दोन्ही बाजूंनी उभे. सगळ्यांची आवतनं झाली होती, माझंच राहिलं होतं. माझ्या हातात वाटीत तूप-हळद आणि पळसाची पानं. तानबा भाऊजी दोन्ही बैलांचे कासरे धरून तुझ्या अंगणात उभे होते. तरोटा सगळा उपटला होता, जागा झाडून ठेवली होती.

मी उजव्या बैलाच्या खांद्याला तूप लावलं. डाव्याकडे वळले तर ते हळूच म्हणाले, "त्याचा खांदा जपून, वयनी. सुजला हाय."

ज्याच्या आयुष्याची दहा वर्षं मी घेतली, तो मला बैलाचा खांदा जपायला सांगत होता. मी पान अगदी हलक्या हाताने फिरवलं. मग म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आवाज निघाला. बैलाने माझं मनगट चाटलं, तुपासाठी.

बायका रडत होत्या. अण्णाजी उपरण्याने डोळे पुसत होते. लीलाबाई पुढे आली आणि माझ्या ओंजळीत नारळ ठेवला. "तुह्यासारखी माय हाय म्हणून हे गाव उभं हाय," म्हणाली. मी तो नारळ घेतला. मनकर्णा, घ्यायला नको होता. तोंड उघडायची वेळ तीच होती. पण चारशे डोळे इतक्या प्रेमाने पाहत होते, आणि माझ्याकडे कोणी असं पाहिलं त्याला दहा वर्षं झाली होती. मी तो नारळ घरी आणला. फोडला नाही. देवाजवळही ठेवला नाही. अजून तसाच माठाच्या मागे आहे.

रविवारी पोळा भरला. एक तोरण, मारुतीच्या पारासमोर, आंब्याच्या पानांचं. चाळीस-बेचाळीस जोड्या. पहिली जोडी कोणाची हा प्रश्न अण्णाजींनी असा सोडवला की एक बैल वरचा आणि एक बैल खालचा अशी जोडी पुढे उभी केली. आमच्या घरचा एक, आणि तानबा भाऊजींकडचा तो सुजल्या खांद्याचा. एक कासरा बापूजींच्या हातात, एक तानबाच्या. ते एकमेकांकडे पाहत नव्हते.

झडत्या, पोळ्याची ती यमकाची कवनं, सुरू झाल्या. तुला आठवतं, झडती चालू असताना कोणी मधे तोडत नाही. म्हणणारा काय वाटेल ते म्हणो, सावकाराला टोमणा मारो की सासूला, शेवटी 'हर बोला' येईपर्यंत बैल हलत नाही आणि माणूस बोलत नाही. खालच्याची एक झाली. वरच्याची एक झाली. लोक हसत होते. अण्णाजींनी विचारलं, "आणखी कोणाची हाय का?"

मी देवळाच्या ओट्यावरून उतरले आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिले. बाईने कधी झडती म्हटलेली नाही, विधवेने तर नाहीच. पण चालू झाली की तोडत नाहीत, म्हणून मी लगेच चालू केली. मला यमक जुळवता येत नाही. नुसतं बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"दहा वर्साआधी याच जागी म्या सांगितलं का माह्या मालकाले तानबा भाऊजीनं मारलं. थे खोटं होतं. भाऊजी त्याईले सोडवत होते. ज्या उभारीनं मारलं थे आमच्या घरच्या बंडीची होती. म्या पाह्यलं. पाहून खोटं सांगितलं, इथंबी आन् कोर्टातबी. धुरपता माय माह्या शब्दानं जळाली. काल म्या ज्याले माफ केलं म्हणता, त्याच्याजवळ माह्यासाठी माफी मांगाले मले तोंड नाई. लीलाबाई, नारळ तुहा परत नेजो."

मी बापूजींचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. त्यांच्या हातातला कासरा गळून पडला. बैल जागचा हलला नाही.

आणि कोणी 'हर बोला' म्हणेना. झडती संपली की नाही ते कोणालाच कळत नव्हतं. मलाही नाही. बैल माना हलवत होते, घुंगरं वाजत होती, एवढाच आवाज. शेवटी तानबा भाऊजी म्हणाले, "हर बोला." आवाज फाटला. कोणी साथ दिली नाही. ते पुन्हा म्हणाले. तेव्हा मागून दोन-चार जण म्हणाले, हर हर महादेव. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल धावत सुटले.

त्यांनी मला माफ केलं म्हणून म्हटलं, की बैल उन्हात ताटकळले होते म्हणून, ते मला कळलं नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी दारात पाण्याचा तांब्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन बसले. गावचे बैल दारोदार फिरत होते. माझ्या दारी एकही आला नाही. तानबाचेही नाही. मी आवतन दिलं होतं, पण बोलावणं घ्यायचं की नाही हे पाहुण्याच्या हातात असतं.

गुणवंता पुलगावहून सणाला आला होता. सामान भरताना म्हणाला, "काकानं मले वाढवलं. तू काय केलं? गप्प राह्यली. आताबी राह्यली असती त कोणाचं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "मनकर्णा मावशीचं." तो म्हणाला, "थे तुही सख्खी कोण लागते?" आणि गेला. पाया पडला नाही. लग्नाला मला बोलावतील असं वाटत नाही.

बापूजी खोलीत आहेत. जेवत नाहीत. शकू माझ्याशी बोलत नाही, पण माझं ताट वाढून उंबऱ्याशी ठेवते. अण्णाजी येऊन गेले. म्हणाले, "बाई, गाव जुळत होतं. थोडी थांबली असती." मग दारातून परत फिरून म्हणाले, "ठाण्यात जावं लागन. तुले आधी." जाईन.

तू ये, असं मी आता लिहीत नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही, ते मागायचा हक्क मी तुला पायावर पडू दिलं तेव्हाच गेला. एवढंच लिहिते की तुझा माणूस खरं बोलला होता. पोरीच्या डोक्यावरचा हात खरा होता. तू मानलंस माझं, ही चूक तुझी नाही. तू मैत्रिणीवर विश्वास ठेवलास.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काल सकाळी, मी दार उघडलं तर अंगणात पळसाच्या फांद्यांचा ढीग होता. घराघरांनी पोळ्याला दारात लावलेले मेढे. दरवर्षी पोरं ते उपटून, रोगराई घेऊन जा गे मारबत असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात. यंदा वरच्या मोहल्ल्याने ते माझ्या दारात टाकले. मी दोन खेपा करून ते सगळे शिवेबाहेर नेऊन टाकले. मग घागर घेतली आणि खालच्या मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या विहिरीवर गेले. माझ्याकडे दोर नव्हता. लीलाबाई पाणी भरत होती. तिने तोंड फिरवलं, आपली घागर उचलली आणि निघून गेली, पण दोर काठावर ठेवून गेली. मी एक घागर भरली, पडक्या भिंतीवरून पलीकडे गेले, आणि तुझ्या अंगणात सडा टाकला.

अनुसया